भरलेली तिजोरी आणि न बांधलेली घरे

ऑगस्ट २०१६ मध्ये युरोपीय आयोगाने निर्णय दिला की आयर्लंडने ॲपल कंपनीला बेकायदा करसवलत दिली असून कंपनीने १३ अब्ज युरो आयर्लंडच्या सरकारला भरावेत. पन्नास लाख वस्तीच्या देशाला घरबसल्या एवढी रक्कम मिळत होती. सरकारने ती नको म्हटले आणि ॲपलच्या बरोबरीने स्वतःही या निर्णयाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. मधल्या टप्प्यावर, २०२० मध्ये, आयर्लंड आणि ॲपल जिंकलेही. अखेर १० सप्टेंबर २०२४ रोजी युरोपीय न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि व्याजासह सुमारे १४ अब्ज युरो आयर्लंडच्या पदरात पडले.

बाहेरून पाहणाऱ्याला यात लाचारी दिसते. मला त्यात भीती दिसते, आणि त्या भीतीमागे मोठा इतिहास आहे. १८४५ पासून पडलेल्या बटाट्याच्या दुष्काळाआधी, १८४१ च्या जनगणनेत, संपूर्ण आयर्लंड बेटावर ८० लाखांहून अधिक माणसे होती. त्यानंतर भूक आणि स्थलांतर यांमुळे हा देश शंभर वर्षांहून अधिक काळ रिता होत गेला. १९२२ मध्ये स्वातंत्र्य मिळाले, पण गळती थांबली नाही. आयात मालावर जबर जकात लावून स्वावलंबी शेतीप्रधान समाज उभा करण्याचे पंतप्रधान डी व्हॅलेरा यांचे स्वप्न लोकांना घरी ठेवू शकले नाही. १९५० च्या दशकात सुमारे चार लाख लोक देश सोडून गेले, बहुतेक इंग्लंडला. १९६१ मध्ये प्रजासत्ताकाची लोकसंख्या २८ लाखांवर आली. आपली मुले आपल्या देशात राहणारच नाहीत, असे प्रत्येक आईबापाने गृहीत धरलेला तो देश होता.

तो बदलायला सुरुवात केली अर्थखात्याचे सचिव टी. के. व्हिटेकर यांनी. १९५८ मध्ये त्यांनी सरकारपुढे एक अहवाल ठेवला. जकातीच्या भिंती पाडा, निर्यातीसाठी उत्पादन करा आणि त्यासाठी परदेशी भांडवलाला बोलवा, हे त्याचे सार. पुढच्याच वर्षी पंतप्रधान झालेल्या शॉन लेमास यांनी ते धोरण राबवले. शॅनन विमानतळाशेजारी करमुक्त औद्योगिक क्षेत्र उभे राहिले. १९६७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले, १९७३ मध्ये देश युरोपीय आर्थिक समुदायात गेला. इंग्रजी बोलणारे शिकलेले तरुण, युरोपची बाजारपेठ आणि कमी कर अशी तिहेरी जुळणी झाली. ॲपल १९८० मध्ये कॉर्कला आली, इंटेल १९८९ मध्ये लेक्स्लिपला. औषधकंपन्यांनी कॉर्क बंदराभोवती कारखाने उभारले. २००३ पासून कंपनी कराचा दर साडेबारा टक्के झाला आणि या दराला हात लावायचा नाही, यावर तिथल्या सगळ्या मोठ्या पक्षांचे एकमत झाले. ज्या देशाला माणसे टिकवता येत नव्हती त्याने जगातल्या बलाढ्य कंपन्या टिकवून दाखवल्या. हे यश खरे आहे, आणि आयर्लंडवर टीका करताना ते आधी मान्य केले पाहिजे.

पण याच यशाने देशाचा आरसा बिघडवला. २०१५ मध्ये आयर्लंडचा जीडीपी एका वर्षात सुमारे २६ टक्क्यांनी वाढला. त्या वर्षी शेते, कारखाने आणि दुकाने होती तशीच होती. काही बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपले पेटंट आणि इतर बौद्धिक संपदा आयर्लंडमधल्या उपकंपन्यांच्या नावावर केली होती, एवढेच. अमेरिकी अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांनी या आकड्यांची टर उडवली, पण तिथल्या सांख्यिकी खात्याने त्यातून गांभीर्याने धडा घेतला. मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर फिलिप लेन यांच्या अध्यक्षतेखालील गटाच्या शिफारशीवरून ‘सुधारित सकल राष्ट्रीय उत्पन्न’ नावाचे नवे मोजमाप तयार झाले. कागदोपत्री येणारा आणि तसाच बाहेर जाणारा नफा त्यातून वगळला जातो. या मापाने आयर्लंडची अर्थव्यवस्था जीडीपीच्या साठ टक्क्यांच्या आसपासच भरते. दरडोई उत्पन्नाच्या जागतिक यादीत आयर्लंड अगदी वर झळकतो, तेव्हा तो आकडा डब्लिनच्या बसमधल्या माणसाच्या खिशातला नसतो. सुधारित मापानेही देश युरोपच्या सुखवस्तू देशांत मोडतो, पण चमत्काराचा देश राहत नाही.

कर मात्र खरा असतो. नफा कागदावरचा असला तरी त्यावरचा कर खणखणीत युरोंत जमा होतो. २०१४ मध्ये कंपनी करातून ४.६ अब्ज युरो आले होते. २०२३ मध्ये ते २३.८ अब्ज झाले आणि २०२४ मध्ये, ॲपलची रक्कम सोडूनही, २८ अब्जांवर गेले. दहा वर्षांत सहापट. यातला निम्म्याहून अधिक कर फक्त दहा कंपन्या भरतात. जवळपास सगळ्या अमेरिकी, आणि बहुतेक तंत्रज्ञान व औषधनिर्मिती या दोनच क्षेत्रांतल्या. आयर्लंडची स्वतंत्र वित्तीय सल्लागार परिषद वर्षानुवर्षे इशारा देते आहे की हा जादाचा कर बाजूला काढून पाहिला तर सरकारची शिल्लक नाहीशी होते आणि तूट उरते. चालू खर्च अशा पैशावर बेतला जात आहे की ज्याचा निर्णय कॅलिफोर्निया किंवा इंडियाना राज्यातल्या एखाद्या संचालक मंडळाच्या बैठकीत होतो.

ट्रम्प पुन्हा सत्तेवर आल्यापासून ही भीती अमूर्त राहिलेली नाही. अमेरिकेची औषधे आयर्लंडमध्ये बनून परत अमेरिकेतच विकली जातात, हे त्यांनी मार्च २०२५ मध्ये आयर्लंडच्या पंतप्रधानांना व्हाइट हाउसमध्ये शेजारी बसवून ऐकवले. आयर्लंडच्या मालनिर्यातीचा सुमारे एक तृतीयांश भाग एकट्या अमेरिकेला जातो. जुलै २०२५ मधल्या युरोप-अमेरिका समझोत्याने आयातशुल्काची पातळी १५ टक्क्यांवर आली. याआधी, २०२४ पासून, जागतिक करारानुसार मोठ्या कंपन्यांसाठी आयर्लंडचा कंपनी कर १५ टक्के झालाच होता. म्हणजे साठ वर्षे ज्या दोन आधारांवर धोरण उभे होते, कमी कर आणि खुली अमेरिकी बाजारपेठ, ते दोन्ही एका छोट्या देशाच्या हाताबाहेर आहेत.

तरी सगळे उद्या कोसळेल, असे मी म्हणणार नाही. कंपन्यांच्या उपस्थितीचे दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखायला हवेत. कॉर्कजवळ किन्सेलला इलाय लिलीचा औषधप्रकल्प आहे, पश्चिम किनाऱ्यावरच्या वेस्टपोर्टसारख्या लहान गावात बोटॉक्स तयार होते, गॉलवेमध्ये वैद्यकीय उपकरणांचा मोठा उद्योग आहे. तिथे यंत्रे, परवाने आणि वर्षानुवर्षे तयार झालेले कुशल कामगार आहेत. हे एका शुल्कवाढीने उचलून नेता येत नाही. पेटंटची मालकी मात्र एका सहीने दुसऱ्या देशात जाते. शिवाय खरे कारखानेही कायमचे नसतात, हे लिमरिकला विचारावे. डेल कंपनीने २००९ मध्ये तिथले उत्पादन पोलंडच्या लोड्झ शहरात हलवले आणि सुमारे १,९०० लोकांच्या नोकऱ्या गेल्या. ते शहर सावरायला बरीच वर्षे लागली.

या धोक्यावर सरकारचे उत्तर आहे बचत. २०२४ मध्ये दोन निधी स्थापन झाले. त्यातल्या मोठ्या निधीत दरवर्षी जीडीपीच्या ०.८ टक्के एवढी रक्कम टाकून तो पुढच्या दशकाच्या मध्यापर्यंत १०० अब्ज युरोंच्या घरात नेण्याचा इरादा आहे. नॉर्वेने तेलाच्या पैशाचे जे केले तेच आम्ही कराच्या पैशाचे करतो आहोत, असा त्यामागचा विचार. तो चुकीचा नाही. २००८ चा अनुभव घेतलेल्या सरकारकडून तो अपेक्षितच आहे. त्या वर्षी २९ सप्टेंबरच्या रात्री सरकारने देशातल्या प्रमुख बँकांच्या जवळपास सगळ्या देण्यांची हमी घेतली आणि त्या एका रात्रीची किंमत बँका सावरण्यासाठी ६४ अब्ज युरो झाली. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि युरोपकडे हात पसरावे लागले. बेकारी १५ टक्क्यांपर्यंत चढली, तरुण पुन्हा विमानतळांवर रांगा लावू लागले. ती जखम अजून ओली आहे.

पण नॉर्वेची तुलना एका ठिकाणी तुटते. नॉर्वेने निधी साठवायला १९९० च्या दशकात सुरुवात केली, तेव्हा तिथे घरे, रेल्वे, वीज, रुग्णालये उभी होती. आयर्लंड ती उभी नसताना साठवतो आहे. माझे म्हणणे असे की आयर्लंडपुढचा मोठा धोका हा पैसा एक दिवस आटेल हा नाही. पैसा असतानाची वर्षे काहीही न बांधता निघून जातील, हा आहे.

घरांचेच पाहा. २००६ च्या तेजीत देशात वर्षाला सुमारे ९० हजार घरे बांधली जात होती, त्यातली अनेक चुकीच्या जागी. २०१३ मध्ये पाच हजारसुद्धा बांधली गेली नाहीत. बिल्डर बुडाले, गवंडी, सुतार आणि वीजतंत्री ऑस्ट्रेलिया-कॅनडात गेले आणि बरेचसे परतलेच नाहीत. दरम्यान अर्थव्यवस्था सावरली, माणसे येत राहिली, २०२२ च्या जनगणनेत लोकसंख्येने १८५१ नंतर प्रथमच ५० लाखांचा आकडा ओलांडला. २०२४ मध्ये ३०,३३० घरे पूर्ण झाली. सरकारचे स्वतःचे उद्दिष्ट ३३ हजारांहून अधिक होते आणि निवडणुकीआधी मंत्री त्याहूनही मोठा आकडा सांगत होते. डब्लिनमध्ये नव्या भाडेकरूला महिन्याला सरासरी दोन हजार युरोंहून अधिक मोजावे लागतात. आईवडिलांच्या घरी राहणारी प्रौढ मुले ५ लाख २२ हजार आहेत, असे त्याच जनगणनेत दिसले. सरकारी आपत्कालीन निवाऱ्यात राहणाऱ्या बेघरांची संख्या २०२५ मध्ये १६ हजारांपुढे गेली आणि त्यांत पाच हजारांवर लहान मुले आहेत. तिजोरीत शिल्लक असलेल्या देशात पाच हजार मुले हॉटेलांच्या आणि वसतिगृहांच्या खोल्यांत अभ्यास करतात. याला धोरणाचे अपयश म्हणणे मला अपुरे वाटते.

हे नेहमी असे नव्हते, आणि तेच मला सर्वात महत्त्वाचे वाटते. हाच देश गरीब असताना घरे बांधत होता. १९३० च्या दशकापासून नगरपालिका आणि काउंटी परिषदांनी डब्लिनच्या क्रमलिनसारख्या वसाहती उभारल्या. १९७० च्या दशकातही नव्या घरांपैकी साधारण तिसरे घर स्थानिक संस्थेचे असे. ती घरे नंतर भाडेकरूंना हप्त्याने विकली गेली, म्हणून कामगारांच्या दोन पिढ्या मालक झाल्या. १९९१ मध्ये सुमारे ८० टक्के कुटुंबे स्वतःच्या घरात राहत होती, २०२२ मध्ये ते प्रमाण ६६ टक्क्यांवर आले. १९८० च्या दशकाच्या शेवटी काटकसरीत सरकारने बांधकामातून हात काढला, मग ते काम खासगी बिल्डरांकडे आणि नंतर परदेशी गुंतवणूक निधींकडे गेले. स्थानिक संस्थांकडे ना पैसा राहिला, ना अभियंते, ना अधिकार. युरोपात इतकी दुबळी स्थानिक स्वराज्य व्यवस्था क्वचितच सापडेल. परदेशी कंपनीला जागा, परवाना आणि पाणी मिळवून देणारी यंत्रणा आयर्लंडने जगात उत्तम अशी घडवली. आपल्या नागरिकाला तेच मिळवून देणारी यंत्रणा मोडू दिली.

बाकीच्या पायाभूत सोयींचीही तीच कथा आहे. डब्लिन विमानतळाला आजही रेल्वे नाही. शॅनन नदीचे पाणी १७० किलोमीटरच्या जलवाहिनीने राजधानीत आणण्याची योजना कित्येक वर्षे कागदावर फिरते आहे आणि तोवर नव्या वसाहतींना नळजोड मिळणे अवघड होते आहे. राष्ट्रीय बाल रुग्णालयाचा मंजूर खर्च २०१७ मध्ये एक अब्ज युरोंच्या आत होता, तो दुपटीहून वर गेला आणि उद्घाटनाची तारीख पुन्हापुन्हा पुढे ढकलली गेली. डेटा सेंटरांनी २०१५ मध्ये देशातली पाच टक्के वीज वापरली होती. २०२३ मध्ये ते प्रमाण २१ टक्के झाले, शहरांतल्या सगळ्या घरांच्या वापराहूनही अधिक. डब्लिन परिसरात नवी जोडणी देणे वीजयंत्रणेला कठीण होऊन बसले. म्हणजे बांधकामाची दिरंगाई आता त्या कंपन्यांच्याही मुळावर येते आहे ज्यांच्यासाठी इतकी मर्जी राखली गेली. कामाला आलेल्या अभियंत्याला राहायला जागा नसेल तर कंपनी पुढचा विस्तार दुसरीकडे करते, त्यासाठी ट्रम्प यांच्या शुल्काची गरज नाही.

यावर अर्थतज्ज्ञांचा एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. बेकारी पाच टक्क्यांच्या आसपास असताना सरकार एकदम बांधकामात उतरले तर आहे त्याच मजुरांसाठी ओढाताण होईल, दर चढतील आणि २००६ ची पुनरावृत्ती होईल. वित्तीय परिषदही खर्चाचा वेग रोखायला सांगते. पण २००६ ची चूक बांधण्यात नव्हती. बांधकामाचा सगळा भार बँकांच्या उधारीवर आणि जमिनीच्या सट्ट्यावर टाकण्यात होती. त्याहून मोठी चूक २०१० नंतर झाली. खासगी बांधकाम बंद पडले तेव्हा सरकारनेही आपले बंद केले आणि कारागिरांची एक आख्खी पिढी देशाबाहेर घालवली. तेव्हा हवे आहे ते एका वर्षात लाख घरे नव्हेत. मंदी असो वा तेजी, दरवर्षी दहा-पंधरा हजार सार्वजनिक घरांचे काम चालू राहील, अशी वीस वर्षांची हमी हवी. तेवढी खात्री असली की प्रशिक्षण संस्था शिकाऊ उमेदवार घेतात, कारखान्यात भिंती तयार करणारे उद्योग गुंतवणूक करतात, गेलेला सुतार परतण्याचा विचार करतो. निधीतल्या पैशाचा याहून चांगला उपयोग मला दिसत नाही. शेअर बाजारातला रोखा मंदीत निम्मा होऊ शकतो, बांधलेले घर राहायला तेवढेच उरते.

मग हे होत का नाही? राजकारणात उत्तर आहे. फियाना फॉल आणि फिना गेल हे दोन पक्ष १९२२-२३ च्या यादवी युद्धातून जन्मले आणि जवळपास शतकभर आलटून पालटून राज्य करत राहिले. २०२० मध्ये शिन फेन या तिसऱ्या पक्षाने दोघांपेक्षा अधिक मते मिळवली तेव्हा सत्तेसाठी ते प्रथमच एकत्र आले. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत १७४ पैकी फियाना फॉलला ४८, शिन फेनला ३९, फिना गेलला ३८ जागा मिळाल्या आणि अपक्षांच्या मदतीने तेच दोन पक्ष सत्तेत परत आले. मिहॉल मार्टिन पंतप्रधान आहेत, २०२७ च्या अखेरीस ते पद फिना गेलकडे जायचे ठरले आहे. युरोपभर सरकारे कोसळत असताना हे स्थैर्य वाखाणण्यासारखे वाटते. पण या दोन पक्षांचा मतदार प्रामुख्याने वयाने मोठा आणि घरमालक आहे. घरांच्या किमती चढत्या राहण्यात त्याचे हित आहे आणि शेजारच्या मोकळ्या जागेवर इमारत उठू नये, यासाठी हरकत नोंदवणाराही बहुधा तोच असतो. एकेक प्रकल्प न्यायालयात वर्षानुवर्षे अडकतो. नियोजनाचा नवा कायदा २०२४ मध्ये आला, त्याने हे थोडे आटोक्यात येईल. मतदार मात्र कायद्याने बदलत नाही.

असंतोष बाहेर पडायच्या वाटा शोधतोच. ऑक्टोबर २०२५ मध्ये डाव्या, अपक्ष कॅथरीन कॉनॉली राष्ट्राध्यक्षपदी ६३ टक्के मते घेऊन निवडून आल्या आणि त्याच निवडणुकीत सुमारे १३ टक्के मतपत्रिका बाद ठरल्या, त्यांतल्या अनेक मुद्दाम खराब केलेल्या होत्या. दुसरी वाट अधिक वाईट आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये डब्लिनच्या रस्त्यांवर स्थलांतरितांविरुद्ध दंगल झाली. २०२५ च्या उन्हाळ्यात भारतीयांवर इतके हल्ले झाले की भारतीय दूतावासाला सावधगिरीचे पत्रक काढावे लागले. ज्या परिचारिकांवाचून तिथली रुग्णालये चालत नाहीत, त्यांना संध्याकाळी घरी परतताना जीव मुठीत धरावा लागतो. घरटंचाईचा राग तिच्यासाठी जबाबदार नसलेल्या माणसावर काढला जातो, आणि ‘देश भरला’ ही घोषणा दुष्काळाआधीपेक्षा आजही कमी वस्तीच्या देशात दिली जाते.

मराठी माणसाला हे परके वाटू नये. टिळकांनी १९१६ मध्ये होमरूल लीग काढली ते नाव आयर्लंडच्या चळवळीतून आले होते, न. चिं. केळकरांनी आयर्लंडचा इतिहास मराठीत लिहिला होता. आणि मालवण तालुक्यातल्या वराडच्या एका डॉक्टरांचा मुलगा, लिओ वराडकर, त्या देशाचा दोनदा पंतप्रधान झाला. डिसेंबर २०१९ मध्ये तो वराडला येऊनही गेला. स्थलांतरिताच्या मुलाला सर्वोच्च पदावर बसवणारा समाज आठ वर्षांत त्याच रंगाच्या माणसाला रस्त्यावर गाठू लागतो, याचा दोष एकट्या समाजाला देता येत नाही. वराडकर स्वतः सत्तेत असलेल्या वर्षांतच घरांचा प्रश्न हाताबाहेर गेला, हेही नोंदवले पाहिजे.

आणखी एका ठिकाणी या सगळ्याचा हिशेब होणार आहे, तो म्हणजे सीमेपलीकडे. ब्रिटनकडे राहिलेल्या उत्तर आयर्लंडच्या २०२१ च्या जनगणनेत कॅथलिक पार्श्वभूमीचे लोक ४५.७ टक्के आणि प्रोटेस्टंट पार्श्वभूमीचे ४३.५ टक्के निघाले. त्या प्रांताच्या स्थापनेपासून असे प्रथमच घडले. १९९८ च्या शांतता करारानुसार एकीकरणाच्या बाजूने बहुमत होण्याची शक्यता दिसली तर ब्रिटिश मंत्र्याने सार्वमत घ्यायचे आहे. पण त्या मतदानाचा निकाल धर्माच्या टक्केवारीतून निघेल, असे मला वाटत नाही. दोन्ही टोकांना न बांधलेला असा एक मोठा वर्ग बेलफास्ट आणि डेरीमध्ये तयार झाला आहे आणि तो दोन्ही बाजू तोलून पाहील. उत्तरेत डॉक्टरकडे जायला पैसे लागत नाहीत, दक्षिणेत अनेकांना भेटीमागे पन्नास-साठ युरो द्यावे लागतात. उत्तरेतल्या रुग्णालयांच्या प्रतीक्षायाद्या ब्रिटनमध्ये सर्वात लांब असल्या तरी बेलफास्टमधले घरभाडे डब्लिनच्या निम्म्याच्या जवळपास आहे. शतकभर ज्या एकीकरणाची शपथ डब्लिनचे सगळे पक्ष घेत आले, त्याच्या बाजूने या वर्गाला वळवायचे असेल तर पुढच्या दहा वर्षांत त्याच्या डोळ्यांदेखत दक्षिणेत घरे आणि दवाखाने उभे राहावे लागतील. त्यासाठी लागणारा पैसा, निदान आज, डब्लिनकडे आहे.